भेकांच्या रक्तातले परजीवी ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उष्ण कटिबंधातल्या जंगलात, पाणथळ जागी रात्री पकडलेल्या भेकांचं (खरखरीत कातडीच्या, बेडकाच्या भाऊबंदांचं) रक्त घेऊन तुम्ही स्लाइड्स केल्यात, जिम्सा या रंगद्रावाने रंगवल्यात आणि आता तीन गोष्टींपाशी अडला आहात. काही तांबड्या पेशींत केळ्याच्या आकाराचे निळसर जीव बसलेत. दोन स्लाइड्सवर पेशींच्या बाहेर पानासारखं रुंद, टोकाला शेपूट असलेलं काहीतरी आहे. आणि बऱ्याच स्लाइड्सवर पेशींत जांभळे ठिपके आहेत, ज्यांना तुमच्या सहकाऱ्याने ‘भेकांचा मलेरिया’ ठरवलंय. या तिघांची नावं, शक्यतो जातीपर्यंत, तुम्हाला हवी आहेत. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढणारी चाचणी) करावाच लागेल का, हेही विचारलंय.

सरळ उत्तर आधी देते. केळी म्हणजे हिमोग्रेगॅरिन गटातले परजीवी, बहुधा हेपॅटोझोऑन. पानं म्हणजे ट्रिपॅनोसोमा. ठिपक्यांना अजून कुठलंही नाव देऊ नका. त्यांतले बरेचसे परजीवीच नसावेत. जातीचं नाव नुसत्या स्लाइडवरून लिहू नये, आणि लिहायचंच असेल तर पीसीआर टळणार नाही. पण पीसीआर स्लाइडच्या जागी करायचा नसतो, स्लाइडच्या जोडीला करायचा असतो. असं का, ते आता सविस्तर सांगते.

परजीवी शोधायला बसण्याआधी दोन-तीन तास निव्वळ निरोगी पेशी बघण्यात घालवा. हा वेळ वाया जात नाही. भेकाची तांबडी पेशी माणसाच्या पेशीहून फार वेगळी असते. माणसाची पेशी ७-८ मायक्रॉनची, गोल आणि केंद्रक नसलेली. भेकाची लांबट अंडाकृती, साधारण २० मायक्रॉन लांब, आणि मधोमध गडद जांभळं, आखूड केंद्रक. नव्याने तयार झालेल्या पेशी गोलसर असतात, त्यांचं पेशीद्रव्य निळसर दिसतं आणि केंद्रक मोठं व सैल असतं. नुकत्याच रक्त गमावलेल्या किंवा आजारी भेकात अशा पेशी भरपूर सापडतात आणि नवखा माणूस त्यांना ‘संसर्ग झालेल्या पेशी’ समजतो. काचेवर रक्ताचा लेप ओढताना फुटलेल्या पेशींची केंद्रकं गुलाबी-जांभळ्या जाळीसारखी पसरतात. तीही कुणाला तरी अमीबा वाटतात.

सगळ्यात फसवी पेशी म्हणजे थ्रॉम्बोसाइट. सस्तन प्राण्यांत त्या जागी नुसते तुकडे असतात. भेकात मात्र ती केंद्रक असलेली अख्खी पेशी असते, चातीच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती. ती तांबड्या पेशीच्या अंगावर आडवी पडली की हुबेहूब परजीवी दिसते. मी शिकत होते तेव्हा अशाच एका स्लाइडवर मी तब्बल चौदा ‘हिमोग्रेगॅरिन’ मोजले होते. माझ्या शिक्षिकांनी काही न बोलता सूक्ष्म फोकसचं चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. आधी तो ‘परजीवी’ स्पष्ट झाला, मग तो धूसर होत गेला आणि त्याच्या खालून तांबड्या पेशीचं केंद्रक वर आलं. दोन वस्तू दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर होत्या. चौदांपैकी बारा असे निघाले.

तेव्हापासून ही माझी पहिली चाचणी झाली, आणि तुमच्या तिन्ही कोड्यांना ती लावा. पेशीच्या आत असलेला जीव आणि पेशीचं केंद्रक साधारण एकाच वेळी फोकसमध्ये येतात. वर पडलेली पेशी, धूळ, रंगाचे कण हे वेगळ्या पातळीवर येतात. छायाचित्र बघून ही गोष्ट कळत नाही, म्हणून छायाचित्रावरून निदान मागणाऱ्यांना मी नेहमी दोन-तीन पातळ्यांवर फोकस केलेली चित्रं पाठवायला सांगते.

आता केळ्यांकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

पेशीच्या आत, एका पेशीत सहसा एकच, लांबट वाकलेला जीव, त्याला स्वतःचं नीट दिसणारं केंद्रक, पेशीद्रव्य फिकट निळं किंवा जवळपास रंगहीन, आणि भोवती कधी कधी पातळ आवरण किंवा पांढरट मोकळी कड : हे हिमोग्रेगॅरिनच्या गॅमोंट अवस्थेचं, म्हणजे पुढे लैंगिक पेशी बनवणाऱ्या अवस्थेचं, वर्णन. जुन्या लेखनात बेडूक-भेकांतल्या अशा सगळ्यांना सरसकट ‘हिमोग्रेगॅरिना’ म्हटलेलं सापडेल. ते नाव आता कासवांतल्या आणि जळवांमार्फत पसरणाऱ्या वंशासाठी राखलेलं आहे. १९९६ मध्ये झालेल्या वर्गीकरणाच्या फेरमांडणीत बेडूक-भेकांतल्या या जाती हेपॅटोझोऑन वंशात गेल्या. म्हणून जुना संदर्भ वाचताना ‘हिमोग्रेगॅरिना’ दिसलं तरी तुमच्या अहवालात तेच नाव पुढे ढकलू नका. ‘हेपॅटोझोऑनसदृश गॅमोंट’ असं लिहिलंत तर ते खरंही असेल आणि टिकेलही.

हेपॅटोझोऑन नावातच यकृत आहे. भेकाच्या शरीरात परजीवीची संख्या मुख्यतः यकृतासारख्या अवयवांत वाढते आणि तिथून निघालेल्या अवस्था तांबड्या पेशींत शिरून गॅमोंट बनतात. रक्तात हे गॅमोंट संख्येने वाढत नाहीत, विभागत नाहीत, नुसते डास येण्याची वाट बघतात. डासाने रक्त प्यायलं की पुढचं लैंगिक चक्र डासात पुरं होतं, आणि तो डास भेकाने गिळला की संसर्ग होतो. डास चावल्याने नव्हे, डास खाल्ल्याने! कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये बेडकांवर झालेल्या कामात क्युलेक्स टेरिटॅन्स या डासातून हे चक्र पायरीपायरीने दाखवलं गेलं. तिथल्या दोन जातींची गोष्ट तुमच्या कामाची आहे. हेपॅटोझोऑन क्लॅमाटी ज्या पेशीत शिरतो तिचं केंद्रक तुकडे-तुकडे करतो. हेपॅटोझोऑन कॅट्सबियानी तसं करत नाही. म्हणजे ओळखीची खूण परजीवीच्या अंगावर नव्हती, त्याने यजमान पेशीची, म्हणजे त्याला आसरा देणाऱ्या पेशीची, काय अवस्था केली यात होती.

म्हणून माझा आग्रह असतो की परजीवीइतकंच त्याच्या घराचं वर्णन करा. पेशीचं केंद्रक जागेवर आहे की एका कडेला ढकललं गेलंय? की टोकाला? आडवं फिरलंय, लांब ताणलंय, चपटं झालंय, फुटलंय? पेशी स्वतः फुगली आहे का, तिचा रंग उडालाय का? शेजारच्या निरोगी पेशींशी तुलना करून हे लिहा, आणि मोजमापही दोन्हींचं घ्या : निरोगी पेशीची आणि तिच्या केंद्रकाची लांबी-रुंदी, संसर्ग झालेल्या पेशीची तीच, आणि परजीवीची लांबी, रुंदी, केंद्रकाचं स्थान. परजीवीचं केंद्रक मधोमध आहे की एका तृतीयांशावर सरकलंय? शेपटाकडचं टोक वळून अंगाला चिकटलंय का? असे किमान वीस-तीस जीव मोजा. एक देखणा नमुना मोजून त्यावर नाव ठेवण्याची सवय फार जुनी आहे, आणि या विषयातल्या नावांचा निम्मा गोंधळ तिच्यातून आलाय.

तुमच्या केळ्यांत एकाच स्लाइडवर दोन तऱ्हा दिसत असतील, एक जाडसर आखूड आणि एक बारीक लांब, तर लगेच ‘दोन जाती’ म्हणू नका. कोवळे आणि पिकलेले गॅमोंट वेगळे दिसतात. पण दोन जातीही खरंच असू शकतात, भेकांत मिश्र संसर्ग दुर्मीळ नाही. दोन्ही तऱ्हांची मापं वेगळी ठेवा. आकड्यांचे दोन स्पष्ट पुंजके पडतात की एकातून दुसरं सलग निघतं, हे मोजल्यावर कळतं, डोळ्याला कळत नाही.

केळ्यासारखं दिसणारं सगळंच हेपॅटोझोऑन नसतं. दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं लँकेस्टरेला. याच्या रक्तात दिसणाऱ्या अवस्था बऱ्याच बारीक आणि टोकदार असतात, साधारण १० ते १५ मायक्रॉन, आणि केंद्रकाच्या बाजूला चकचकीत, न रंगणारी पोकळीसारखी गोळी दिसते. एका पेशीत दोन-तीन सापडणं आणि पांढऱ्या पेशींतही सापडणं ही मोठी खूण. दुसरं डॅक्टिलोसोमा आणि त्याचा सख्खा शेजारी बेबेसिओसोमा. हे मात्र तांबड्या पेशीच्या आतच विभागतात. डॅक्टिलोसोमाची पिल्लं पंख्याच्या पात्यांसारखी किंवा हाताच्या बोटांसारखी एका बाजूने फुटतात, नावही बोटांवरूनच आलंय. बेबेसिओसोमाची चार पिल्लं फुलीसारखी मांडलेली दिसतात. त्यांचे सुटे गॅमोंट केळ्यासारखेच, पण लहान असतात. म्हणून स्लाइडवर लहान केळी दिसली तर पुढची अर्धी संध्याकाळ पंखा किंवा फुली शोधण्यात घालवा. एक जरी सापडली तरी हेपॅटोझोऑनचा प्रश्न त्या जीवापुरता मिटला, कारण हेपॅटोझोऑन रक्तपेशीत अशी विभागणी करत नाही.

या गटांचे वाहकही वेगळे आहेत. बेबेसिओसोमाच्या एका जातीचं चक्र जळूतून सिद्ध झालंय, हेपॅटोझोऑनचं डासांतून. भेक पकडताना त्याच्या अंगावर जळवा होत्या का, तो पाण्यात होता की जमिनीवर, हे तुमच्या वहीत असेल तर आत्ताच स्लाइडच्या नंबराशी जोडून ठेवा. वाहकावरून निदान होत नाही, पण पुढे दोन शक्यतांत झुकतं माप कुणाला द्यायचं हे त्यावरून ठरवता येतं.

पानांबद्दल. ट्रिपॅनोसोमा ही ओळख बेडकाच्याच रक्तातून सुरू झाली. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ग्रुबी यांनी १८४३ मध्ये बेडकाच्या रक्तातल्या गिरमिटासारख्या फिरणाऱ्या जीवाला हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ट्रिपॅनॉन म्हणजे गिरमिट. ताज्या रक्ताच्या थेंबात तो बघितलात तर नाव पटतं. एका कडेने लहरणारं पातळ पटल, अंग पिळवटत, तांबड्या पेशी ढकलत जागच्या जागी गरगरणारा जीव. रंगवलेल्या स्लाइडवर हे सगळं थिजून पानासारखं होतं. खात्रीसाठी चार गोष्टी शोधा : मोठं केंद्रक, त्यापासून दूर एक छोटा गडद ठिपका म्हणजे कायनेटोप्लास्ट, लहरती कड, आणि बाहेर आलेली कशाभिका, म्हणजे शेपटीसारखा धागा. काही रुंद प्रकारांत मोकळी कशाभिका फार आखूड असते किंवा दिसतच नाही आणि अंगावर उभ्या रेघा असतात. तेव्हा कायनेटोप्लास्ट हाच आधार.

बेडूक-भेकांतले ट्रिपॅनोसोमा आकाराने कमालीचे बदलते असतात. एकाच प्राण्याच्या रक्तात कधी गोल, कधी पानासारखा, कधी सुतासारखा बारीक. म्हणूनच ‘ट्रिपॅनोसोमा रोटॅटोरियम’ हे नाव आजवर जगभरच्या कुठल्याही रुंद प्रकाराला चिकटवलं गेलं. ते मूळ युरोपातल्या बेडकांतलं नाव आहे. उष्ण प्रदेशातल्या भेकात रुंद ट्रिपॅनोसोमा दिसला म्हणून तो रोटॅटोरियम, हा निष्कर्ष मी तरी सही करून देणार नाही. ‘ट्रिपॅनोसोमा, रुंद रेघांचा प्रकार’ असं लिहा, माप द्या, चित्र द्या.

दोन स्लाइड्सवरच सापडले म्हणून ते दोनच भेकांत होते असंही समजू नका. ट्रिपॅनोसोमा रक्तात विरळ असतात. त्यांची परिघीय रक्तातली संख्या दिवसाच्या वेळेनुसार चढते-उतरते, हे बेडकांत १९६० च्या दशकातच दाखवलं गेलंय. बाकी वेळ ते मूत्रपिंडासारख्या अवयवांच्या केशवाहिन्यांत दाटलेले असतात. तुम्ही सगळी भेकं रात्री पकडलीत. रक्त लगेच घेतलंत की दुसऱ्या दिवशी सकाळी? हे नोंदलं नसेल तर भेकाभेकांतल्या संसर्गाची तुलना लंगडी पडते. पुढच्या खेपेला केशनळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूज करा आणि तांबड्या पेशी व प्लाझ्मा यांच्यामधल्या पांढुरक्या थराची कड नळीतूनच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ट्रिपॅनोसोमा तिथे गोळा होतात आणि हलत असल्याने नजरेत भरतात. मायक्रोफायलेरियाही (कृमींच्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या) तिथेच सापडतात. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि विरळ संसर्गासाठी तिच्याइतकी स्वस्त सोय दुसरी नाही.

इथे भेकाचा आवाजही नोंदवायला हवा, म्हणजे नर ओरडत होता का. कोरेथ्रेला नावाची चिलटं नर बेडकाच्या हाकेच्या दिशेने उडत येतात आणि त्याचं रक्त पितात. पनामातल्या टुंगारा बेडकांत त्यांच्यामार्फत पसरणारा ट्रिपॅनोसोमा टुंगारी ही जाती त्यातूनच वर्णिली गेली. भेकांतल्या ट्रिपॅनोसोमाचा वाळूमाशीशी संबंधही कॅलिफोर्नियात दाखवलेला आहे. मादी शोधायला ओरडणारा नर आपल्या हाकेनेच परजीवीचा वाहक बोलावून घेतो, ही गोष्ट मला इतकी वर्षं झाली तरी थांबून विचार करायला लावते. तुमच्या यादीत नर-मादी हा रकाना रिकामा असेल तर तो भरा.

मायक्रोफायलेरियांवर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्यांची चूक होणं कठीण आहे. तांबड्या पेशीच्या कितीतरी पट लांब, बारीक सापासारखी अळी, अंगभर केंद्रकांचे ठिपके. म्यान आहे की नाही आणि शेपटाचं टोक कसं आहे एवढं लिहा. रायनेला मरीना या मोठ्या अमेरिकन भेकात ऑकोटेरेनेला या वंशातल्या कृमींची नोंद आहे, पण वंशाचं निश्चित नाव प्रौढ कृमी हाती आल्याशिवाय देता येत नाही.

आता ठिपके.

पहिली शंका रंगावर घ्या. जिम्साचा साका जांभळ्या-काळ्या कणांचा असतो, पेशींच्या आतही दिसतो आणि पेशींमधल्या मोकळ्या जागेतही. मोकळ्या जागेतले ठिपके मोजा. तिथेही तेवढेच असतील तर विषय संपला. दुसरी शंका वाळण्यावर. दमट हवेत लेप हळू वाळतो, आणि हळू वाळलेल्या पेशीत चकाकणाऱ्या पोकळ्या तयार होतात. फोकसचं चाक फिरवलं की त्या लखलखतात, परजीवी लखलखत नाही. मिथेनॉलने हवेतलं पाणी शोषलं असेल तरीही हेच होतं. जंगलात महिनाभर उघड-झाक केलेल्या बाटलीतलं मिथेनॉल मी वापरत नाही.

हे दोन्ही गाळून जे उरेल ते खरं असू शकतं. पेशीद्रव्यात एखाद्या पोकळीत बारीक काड्या किंवा दाण्यांचा पुंजका असेल तर तो जिवाणू असू शकतो. बेडकांतल्या अशाच एकाला दिसण्यावरून ईजिप्शियानेला रॅनारम म्हटलं गेलं होतं, रिकेट्सिया या पेशींच्या आत राहणाऱ्या जिवाणूंच्या नात्यातला म्हणून. पुढे जनुकीय क्रम काढल्यावर तो फ्लॅव्होबॅक्टेरियांच्या कुळातला निघाला आणि नाव बदलून हिमोबॅक्टेरियम झालं. एकेरी, फिकट गुलाबी-जांभळी गोळी किंवा स्फटिकासारखा चौकोनी तुकडा असेल आणि त्या पेशी लांबट राहण्याऐवजी गोल झाल्या असतील, तर विषाणूचा संशय घ्या. बेडकांच्या तांबड्या पेशींत वाढणारा इरिडोव्हायरस कुळातला विषाणू पेशीचा आकार असाच गोल करतो. ‘टॉडिया’ नावाने एके काळी परजीवी म्हणून नोंदलेल्या वस्तू आज विषाणूंच्या खुणा मानल्या जातात. याची खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच होते. आणि ठिपक्याला लहानसं का होईना पेशीद्रव्य आणि केंद्रक असं दोन रंगांचं रूप असेल, निळं आणि लाल, तर ती डॅक्टिलोसोमाची किंवा बेबेसिओसोमाची कोवळी अवस्था असू शकते. म्हणजे पुन्हा पंखा आणि फुली शोधा.

मलेरियाबद्दल स्पष्ट सांगते. भेकांत प्लास्मोडियम सापडल्याचे दावे जुन्या लेखनात आहेत, पण ते मान्यता पावलेले नाहीत. प्लास्मोडियम तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खाऊन तपकिरी रंगकण मागे ठेवतो आणि ते ध्रुवित प्रकाशात चमकतात. तुमच्या ठिपक्यांत असे रंगकण नसतील तर हा शब्द अहवालातून काढा. एकदा छापला गेला की पुढची वीस वर्षं कुणीतरी तो उद्धृत करत राहतं.

आता लेपाविषयी, कारण तुमच्या पाठवलेल्या वर्णनात मला लेपाचे दोष जास्त दिसतात.

रक्त किती घ्यावं : निरोगी भेकाच्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंत, आजारी दिसत असेल तर त्याच्या निम्मं. पन्नास ग्रॅमच्या भेकातून अर्धा मिलिलिटर ही वरची मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. लेप आणि पीसीआर दोन्हींना मिळून काही थेंब पुरतात. पोटाच्या मध्यरेषेवरची शीर किंवा वरच्या ओठालगतची शीर सोयीची. हृदयातून रक्त घेण्याचं काम शेतावर-जंगलात कुणी करू नये. पहिले दोन लेप सुईतून आलेल्या ताज्या रक्ताचेच करा, गोठण रोखणारं काही न मिसळता. हेपॅरिनने पार्श्वभूमी निळसर होते, ईडीटीएने काही उभयचरांच्या पेशी फुटतात. उरलेल्या रक्तासाठी हेपॅरिन चालेल.

दर भेकाला नवे हातमोजे. यात भेकाच्या विषग्रंथींपासून तुमचं रक्षण आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कायट्रिड ही उभयचरांना घातक बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे तुमच्या हातांनी जाऊ नये. हातमोज्यांवर पावडर नको. परवानग्या आणि प्राणी हाताळण्याची नैतिक मंजुरी हातात नसेल तर सुई बाहेर काढूच नका.

लेप ओढला की लगेच पंख्याने वारा घालून वाळवा, त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. न बुडवलेला लेप रात्रभर उघडा राहिला तर मुंग्या आणि झुरळं तो खाऊन टाकतात. मी सकाळी उठून कोऱ्या काचा बघितल्या आहेत. आणखी एक : ज्या पेटीत फॉर्मालिनमधले नमुने आहेत त्या पेटीत न रंगवलेले लेप कधीही ठेवू नका. नुसत्या वाफेने लेप निळा-हिरवट पडतो आणि जिम्सा मग काही केल्या नीट लागत नाही. तुम्ही ‘सगळंच निळसर दिसतंय’ असं लिहिलंत तेव्हा मला पहिली आठवण याची झाली. दुसरं कारण बफरचा सामू. परजीवींसाठी ७.२ चा बफर ठेवा, रंग ताजा पातळ केलेला आणि गाळलेला असू द्या.

वाचताना आधी कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली अख्खी स्लाइड फिरून या, कडांसकट, कारण ट्रिपॅनोसोमा आणि मायक्रोफायलेरिया लेपाच्या कडेला आणि शेवटाला जमतात. मग शंभरच्या ऑइल भिंगाखाली, पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत अशा भागात मोजणी करा. दहा हजार तांबड्या पेशींत किती संसर्ग झालेल्या, हा आकडा द्या. काही सापडलं नाही तर ‘निरोगी’ न लिहिता ‘इतक्या पेशींत आढळलं नाही’ लिहा.

पीसीआरसाठी १८एस आरआरएनए हा जनुकाचा भाग हिमोग्रेगॅरिनना रूढ आहे. हेप-एफ-३०० आणि हेप-आर-९०० ही प्रायमरची (तुकड्याची दोन टोकं ठरवणाऱ्या छोट्या डीएनए धाग्यांची) जोडी सुमारे ६०० बेस-जोड्यांचा तुकडा देते आणि सुरुवातीला पुरते. ट्रिपॅनोसोमासाठी १८एसचाच वेगळा भाग आणि जोडीला जीजीएपीडीएच हे दुसरं जनुक. रक्त शुद्ध इथेनॉलमध्ये किंवा एफटीए या डीएनए टिकवणाऱ्या कागदावर ठेवा. दोन सावधगिरी सांगते. १८एस हळू बदलतो, म्हणून डेटाबेसमधल्या एखाद्या जातीशी ९९ टक्के जुळलं याचा अर्थ तीच जाती असा होत नाही. आणि मिश्र संसर्गात प्रायमर बहुधा जास्त संख्येच्या परजीवीलाच उचलतो, किंवा क्रमाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं येतात. स्लाइडवर दोन तऱ्हा आहेत हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल तरच त्या दोन शिखरांचा अर्थ लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या भेकांतून २०१४ मध्ये हेपॅटोझोऑन इक्सोक्सो ही जाती वर्णिली गेली ती रक्तातलं रूप आणि १८एसचा क्रम दोन्ही एकत्र ठेवून. तुमच्या केळ्यांची तुलना करताना ते वर्णन जवळ असू द्या. यजमान भेकच आहे, बेडूक नाही.

भेक आजारी होते का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. रानातल्या भेकांत हे परजीवी बहुतेकदा बाहेरून काही लक्षण न दाखवता राहतात. वजन आणि लांबी घेतली असेल तर संसर्ग असलेल्या-नसलेल्यांची तुलना करून बघा, पण रक्तात परजीवी सापडला एवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढू नका.

पुढचा आठवडा तुमच्या जागी मी असा लावला असता. ठिपक्यांच्या स्लाइड्सपैकी एक निवडून, त्याच भेकाचा न रंगवलेला जादा लेप असेल तर नव्या गाळलेल्या रंगाने रंगवायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. ठिपके दुसऱ्यात नसतील तर ते रंगाचे होते. केळी असलेल्या सर्वांत चांगल्या तीन स्लाइड्स निवडून तीस-तीस गॅमोंटची मापं, पेशीच्या केंद्रकाच्या नोंदीसकट. त्याच तीन भेकांचं रक्त पीसीआरला. या तीन स्लाइड्सवर यजमानाची जाती, तारीख, वेळ आणि नंबर कायमच्या शाईने लिहून त्या संग्रहालयात जमा करण्याची तजवीज आत्तापासून करा, म्हणजे नाव बदललं तरी पुढच्या माणसाला तोच जीव पुन्हा बघता येईल. मापं तयार झाली की पाठवा, आणि केळ्यांची चित्रं पाठवताना प्रत्येकाची तीन पातळ्यांवर फोकस केलेली पाठवा.